जन्मठेप

भरे गावच्या ग्रामसभेत वाढत्या चोऱ्यांवरून वाद पेटला होता. विठ्ठलराव ठणकावून म्हणाले, "पुन्हा पुन्हा चोरी करणाऱ्याला जन्मठेपच पायजे."

दोनदा तुरुंगात जाऊन आलेला किशोर मागे बसला होता. तो उठून शांतपणे म्हणाला, "चालंल की, तात्या. आत काम तरी मिळतं. हितं मला कुणी दारात उभं करत न्हाई."

विठ्ठलराव खाली बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे किशोर त्यांच्याच गोठ्यात धारा काढत होता. ते पाहून जयाबाईंनी नवऱ्याला विचारलं, "काल तर तुमी ह्याला जन्मठेप मागत व्हता?"

"मग दिली की," विठ्ठलराव म्हणाले. "म्हशी सांभाळणाऱ्याला कंदी सुट्टी असती व्हय?"