रिळांच्या डब्याखाली

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी सुनेने शिलाई मशीनचा खण उघडला. सासू भिंतीकडे तोंड करून घोरत होती.

सुनेने रिळांच्या डब्याखालची वही काढली, आवाज न करता खण लोटला आणि स्वयंपाकघरात जाऊन लिहायला बसली. सहा वाजेपर्यंत तीनशे शब्द. त्यानंतर डबे, नवरा, मुलगी, बस आणि नऊपासून दातांच्या दवाखान्यातले काउंटर. सात महिने हा क्रम चुकला नव्हता. तापाच्या दोन दिवसांतही नाही.

जागा तिने विचार करून निवडली होती. मशीन सासूचे होते, पण गुडघे धरल्यापासून सासूने त्याला हात लावला नव्हता. घरात कुणाला कळता कामा नये, हा नियम. तो तिचा नव्हता, कात्रीचा होता.

कात्री म्हणजे तिचे सर. चाळीस वर्षे त्यांनी वर्तमानपत्रात बातम्या कापल्या होत्या आणि आता वाचनालयाच्या वरच्या खोलीत ते कादंबरी लिहू पाहणाऱ्यांना शिकवत. नाव वर्गानेच ठेवलेले. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाचे पहिले पान खरोखरच कात्रीने कापून हातात दिले होते. नियम थोडेच होते. वेळ आणि घटना आधी, हवामान नंतर. कालचे पान आज वाचायचे नाही. घरी गोष्ट सांगायची नाही. सांगून टाकली की लिहायची भूक मरते. आणि पानांवर नाव घालायचे नाही, फक्त नंबर, म्हणजे एकमेकांचे वाचताना भीड पडत नाही.

त्यांच्या ओळखीचा प्रकाशक या वर्षी एकच हस्तलिखित घेणार होता, तेही ठरलेल्या मुदतीत. सून चव्वेचाळीस वर्षांची होती आणि विशीपासून ‘पुढच्या वर्षी लिहीन’ म्हणत आली होती. या खेपेला तिने स्वतःला पुढचे वर्ष दिले नव्हते.

अडचण फक्त कादंबरीतल्या सासूची होती.

“ही बाई कागदाची आहे,” कात्री शनिवारच्या वर्गात म्हणाले. “उठली की टोमणा, बसली की टोमणा. तिला हवंय काय?”

“तिला काही नको असतं, सर. माझ्या, म्हणजे नायिकेच्या जिवाला घोर लागला की झालं.”

वर्ग हसला. कात्री हसले नाहीत.

“खलनायिकेला नायिकेपेक्षा चांगलं कारण द्या. सापडत नसेल तर अशी एखादी बाई गाठा आणि आठवडाभर नुसती बघा. हात काय करतात ते बघा. मग विचारा.”

अशी बाई गाठायला तिला लांब जावे लागणार नव्हते.

ती बघू लागली. सासू तारखात्यातून निवृत्त झालेली. शब्द वाया घालवायची तिला सवयच नव्हती. खिडकीशी बसून ती ओठांतल्या ओठांत पुटपुटे आणि बोटांची पेरे मोजत राही, तारेतले शब्द मोजावेत तशी. गुरुवारी दुपारी गुडघ्यांच्या व्यायामाला जाताना कुरकुरे, येताना मात्र खुशीत असे. सुनेने हे सगळे टिपून घेतले.

“काय बघतेस?” तिसऱ्या दिवशी सासूने विचारले.

“काही नाही, आई.”

“काही नसताना डॉक्टर बघतात. आणि लगेच ऑपरेशन सांगतात.”

आठवडा संपत आला तेव्हा, भाजी चिरता चिरता, सुनेने धीर केला. सासूला काय हवे आहे, अगदी खरे खरे, असे तिने विचारले.

सासूने सुरी खाली ठेवली. मनात काहीतरी मोजल्यासारखी ती थांबली.

“दार,” ती म्हणाली. “आतून कडी असलेलं. लग्न होऊन आल्यापासून मी सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत झोपतेय.”

सुनेला वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने ते वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवले.

त्यानंतर प्रकरणे भराभर बदलत गेली. कादंबरीतली सासू उठून चालू लागली. दोनदा तर तिने नायिकेला निरुत्तर केले. मुदतीच्या दोन आठवडे आधी सुनेने दवाखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, सगळे टाइप करून संपवले, वर नऊ नंबर घातला आणि कात्रींच्या टेबलावर ठेवले.

मुदतीच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर कात्रींनी तिला थांबवून घेतले. पुढ्यात एक फाइल होती.

“दोनच उरल्यात,” ते म्हणाले. “तुमची, आणि दुपारच्या वर्गातली सतरा नंबर. मला ठरवता येत नाहीये. असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं. म्हणून तुम्ही एकमेकींची वाचा आणि कुठली पाठवू ते चिठ्ठीवर लिहून द्या. खरं लिहा.”

“तिने माझी वाचली?”

“वाचली. चिठ्ठीही दिली.” त्यांनी खिशातले बंद पाकीट दाखवले. “मी फोडलेलं नाही. तुमची आली की दोन्ही एकदम.”

सुनेच्या डोळ्यांपुढे कॉलेजातली, दुपार मोकळी असलेली, एखादी तरतरीत पोरगी आली. आपण प्रामाणिक राहायचे, तिने ठरवले. चांगली असेल तर चांगली म्हणायचे. फक्त ती चांगली नसावी.

पाकीट टेबलावर ठेवून कात्री फळा पुसायला गेले. ती खिडकीशी बसली, पेन उघडून हाताशी ठेवले आणि फाइलचे पहिले पान उलटले. सुबक टाइप केलेले होते. वर सतरा. खाली पहिली ओळ.

‘पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी सुनेने शिलाई मशीनचा खण उघडला. मी घोरणे चालू ठेवले.’