चौथा पिस्टन

चौथ्या पिस्टनला दांडा आधीच जोडलेला होता. काल तीनच झाले होते, हे त्याला पक्कं आठवत होतं. तिसऱ्यानंतर मान दुखायला लागली म्हणून त्याने चिमटा खाली ठेवला आणि दिवा मालवला. आज चौथाही तयार. जोडणीच्या पुस्तिकेत त्या पायरीपुढे पेन्सिलीने टिकही केलेली.

तो खुर्चीवर बसला.

गल्लीत सगळे त्याला फोरमन म्हणायचे. बसडेपोत पस्तीस वर्षं इंजिनं उघडण्यात आणि परत जोडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर तो घरातले चांगले चालणारे नळसुद्धा खोलायला लागला, तेव्हा लेकीने हा संच पाठवला. चार सिलिंडरचं इंजिन, खऱ्याच्या एक तृतीयांश. पारदर्शक ब्लॉक, अडीचशे सुटे भाग. सगळं नीट जुळलं की बॅटरीवर पिस्टन वर-खाली होणार. मागच्या खोलीत खिडकीपाशी त्याने टेबल मांडलं आणि घरातले नळ वाचले.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा तो स्वतःशीच हसला होता. वय झालं, म्हणाला. दुसऱ्यांदा हसू आलं नाही. थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. एका सकाळी त्याने दोनदा दाढी केली, सगळ्यांनी थट्टा केली. दोन वर्षांनी तो सख्ख्या बहिणीला विचारत होता, आपण कोण?

त्याने एक छोटी वही केली. तारीख घालून लिहायचा: तेल-पंप बसवलेला, आठवत नाही. कॅमशाफ्ट बसवलेला, आठवत नाही. सहा आठवड्यांत नऊ नोंदी झाल्या. त्यातल्या पाचांपुढे त्याने आणखी एक शब्द लिहिला होता: चुकीचा. आत येणाऱ्या हवेच्या जागी धुराचा व्हॉल्व्ह. एक पिस्टन उलट्या तोंडाचा. डेपोत पहिल्या दिवशी आलेल्या माणसानेही केल्या नसत्या अशा चुका. तो त्या गुपचूप दुरुस्त करायचा आणि मग कितीतरी वेळ नुसता हातांकडे बघत राहायचा. डोकं जातंय ते जातंय, हातही चालले.

रोज चारला तो फिरायला जायचा. चालताना बसगाड्यांची मॉडेलं वर्षवार आठवून बघायचा. सगळी आठवायची. त्याने तर भीती आणखीच वाढायची. जुनं शेवटपर्यंत राहतं, जातं ते कालचं, असं भावाच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते.

बायकोला सांगणं जिवावर आलं होतं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. निम्म्या शहराचे नंबर तिला तोंडपाठ असायचे. लग्नानंतर आजवर चष्मा, किल्ल्या, नातेवाइकांचे वाढदिवस, सगळं त्याने तिच्यावर सोपवलं होतं. इंजिनाशी मात्र तिचं काही देणंघेणं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं होतं, "तुमच्या त्या खेळण्याला मी हात लावणार नाही. एक स्क्रू हरवला तर घर डोक्यावर घ्याल."

पण या चौथ्या पिस्टनने त्याचा धीर सुटला. हा दांडाही उलटाच होता. तो वही घेऊन स्वयंपाकघरात गेला. ती टेबलाशी बसून उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती.

"अगं, जरा बोलायचंय."

"बोला ना."

"मला डॉक्टरकडे ने." तो तिच्यासमोर बसला. "मी विसरायला लागलोय. दादासारखा. इंजिनाचे भाग मीच बसवतो आणि मला आठवत नाही. हे बघ, लिहून ठेवलंय." त्याने वही उघडली आणि पहिली नोंद वाचली. "तेल-पंप बसवलेला. आठवत नाही."

तिची सुई थांबली. तिने त्याच्या हातातली वही हळूच मिटली.

"तुम्ही नाही हो. मी बसवते ते. तुम्ही फिरायला गेलात की."

क्षणभर त्याला काही कळेना. मग छातीवरचा दगड कुणीतरी उचलल्यासारखं झालं आणि तो हसायला लागला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"सहा आठवडे जीव टांगणीला लागला होता माझा. झोप नाही धड. आणि तू? अगं, पण चोरून कशाला? विचारलं असतंस तर शेजारी खुर्ची मांडली असती."

ती हसली नाही. अभ्र्याची घडी घालत राहिली.

"दोन महिन्यांपूर्वी वाचनालयात फॉर्म भरत होते," ती म्हणाली. "लेकीचं नाव आठवेना. उभी राहिले तशीच, पेन हातात धरून. मैत्रिणीकडे जाते म्हणून तुम्हाला सांगितलं आणि डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, काहीतरी नवीन करा. पुस्तकात बघून, एकामागून एक. जमतंय का बघा, चुका किती होतात ते बघा. घरात नवीन म्हणजे तुमचं इंजिनच. म्हटलं, अडीचशेतले आठ-दहा भाग, तुमच्या लक्षातही येणार नाही."

त्याचं हसू ओठांवरच राहिलं. वही मुठीत चुरगळली.

तिने मान वर केली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा असा मोकळा दिसत होता.

"पण तुम्ही घाबरू नका," ती म्हणाली. "मी प्रत्येक भाग पुस्तकाशी दोन-दोनदा ताडून बघितलाय. एकही चूक झाली नाही माझी."