पोचल्याचा फोन

उन्मेषची रिक्षा कोपऱ्यावर वळली, तेव्हा शरयूताई घरात आल्या. टेबलावर त्याची खिरीची वाटी अर्धी तशीच होती, खुर्चीखाली भाताची शितं सांडली होती.

घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, ही सासूबाईंची शिकवण. पूर्वी नागपूरहून व्हँकुव्हरला पोचायला चांगला दीड दिवस लागायचा. तेवढा वेळ उन्मेषचा पसारा घरभर राहायचा आणि शरयूताई त्यातून पाय जपून टाकत वावरायच्या. तेव्हा तो यायचाही महिनाभरासाठी.

आता नवी विमानं पार आभाळाच्या वरून जायची आणि पाऊण तासात उतरायची. "पाऊण तासावर तर आहे मी, आई! केव्हाही येईन," असं म्हणता म्हणता तो थेट आज आला, बाबांच्या वर्षश्राद्धाला, जेवणापुरता. तेही अर्ध्यावर टाकून उठला. तिकडे सकाळी ऑफिस होतं.

गिरजानं भांडी आटोपून केरसुणी उचलली, तोच फोन वाजला.

"बाई, दादांचा आहे. पोचले वाटतं."

शरयूताईंनी फोनकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. फोन वाजून वाजून गप्प झाला.

"केरसुणी ठेव जागेवर," त्या म्हणाल्या. "उद्या काढ केर."

"पण बाई, दादा तर..."

"वाटेत आहे गं तो अजून."

आणि सांडलेली शितं ओलांडून त्या त्याच्या खुर्चीत जाऊन बसल्या.