डावीकडची भिंत

"बाबा, इकडे बघा. माझ्याकडे, डावीकडे," अपूर्वा म्हणाली.

भाऊरावांची मान कणभर हलली आणि पुन्हा उजवीकडच्या खिडकीकडे गेली. बाहेर दहिसरच्या त्यांच्या चाळीचा नळ होता, त्यापलीकडे नवा टॉवर. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण पक्षाघाताचा झटका आल्यापासून ते तिकडेच बघत होते. डावा हात-पाय लुळा आणि मान उजवीकडे आखडलेली.

अपूर्वा त्यांना व्यायाम द्यायला यायची. बॅग आवरता आवरता ती त्यांच्या सुनेला म्हणाली, "रश्मीताई, पायात ताकद येतेय हो. पण मान वळत नाही तोवर तोल येणार नाही, आणि तोल नाही तर चालणं नाही. खाट फिरवा ना. चहा, टीव्ही, तुम्ही, सगळं त्यांना डावीकडून येऊ दे. किती दिवस सांगतेय मी."

"फिरवते," रश्मी म्हणाली. फिरवणार नव्हती.

डावीकडच्या भिंतीवर तिच्या सासूचा, जानकीबाईंचा फोटो होता. हार घातलेला.

भाऊराव आयसीयूत असताना घरी जानकीबाईंच्या छातीत दुखलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. डॉक्टर म्हणाले, इतक्यात यांना धक्का नको. मग सौरभने वडिलांना सांगितलं, आई देवगडला मावशीच्या आजारपणाला गेलीय. फोटो उतरवायला मात्र तो तयार होईना. "काढला तर आई परत एकदा गेल्यासारखं वाटेल गं," म्हणाला. म्हणून नवरा-बायकोने खाटच अशी लावली, की फोटो बाबांच्या डाव्या हाताला यावा. त्या बाजूला ते बघतच नव्हते. चार-आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, असं तेव्हा दोघांना वाटलं होतं.

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मान वळली तर बाबा फोटो बघून खचणार. नाही वळली तर जन्मभर खाटेला खिळणार, आणि ते पाप आपलं. रश्मीला घास गोड लागत नसे.

त्यात भाऊराव रोज चहाच्या वेळी विचारत, "जानकीचो फोन इलो?"

"आलेला ना बाबा. तुम्ही झोपला होतात."

आणि रश्मी सुरू होई. मावशींची गाय व्यायली. आईंनी आमसुलं वाळत घातली आणि अचानक पाऊस आला, नुसती धावपळ. तिकडे परवापासून लाईट नाही. रश्मी जन्मली-वाढली भांडुपला. देवगड तिने लग्नानंतर धावतंपळतं पाहिलेलं. पण थापांच्या बाबतीत आता तिचा हात कुणी धरला नसता. भाऊराव डोळे मिटून ऐकत. मधेच "मगे?" म्हणत. किती भोळा जीव, असं तिला वाटे.

मागल्या आठवड्यात ते पडले. रश्मी खाली दूध आणायला गेली होती. आली तर हे डावीकडच्या भिंतीपाशी आडवे.

"मोरीत जाऊक उठलंय," ते म्हणाले.

मोरी उजवीकडे होती. पण तोल गेला की माणूस कुठेही पडतो, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

पितृपक्ष आला. नवऱ्याच्या आधी, कपाळाच्या कुंकवानिशी गेलेल्या बाईची अविधवा नवमी करायची असते. सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. वर्षाच्या आत करावी की नाही यावर चाळीत दोन मतं पडली. शेजारच्या जयाकाकूंनी निकाल लावला. "कर गं तू. मी येते सवाष्ण म्हणून. भावोजींना कळतंय कुठे? तोंड तर खिडकीकडे असतं."

पान फोटोखालीच मांडलं. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. सौरभने टीव्हीचा आवाज वाढवला. जयाकाकू चोरासारख्या जेवल्या, बांगड्या वाजू नयेत म्हणून वर सारून. रश्मीला भरून आलं. ज्या बाईने या खोलीत अख्खा जन्म काढला, तिचा मान असा लपूनछपून करायचा. डोळे पुसून ती ओटी भरायला वाकली.

"टीव्ही बंद कर रे."

भाऊराव खाटेच्या कडेला हात रोवून बसले होते. मान डावीकडे वळली होती, थेट फोटोपर्यंत. थरथरत होती, पण वळली होती.

सौरभने टीव्ही बंद केला.

"मी आसंय म्हणान तिची नवमी," भाऊराव जड जिभेने म्हणाले. "तिच्याकडे पाठ करून कसो बसू? आणि तो हार बदल. कधीचो सुकलो हा."

"बाबा," सौरभ खाटेपाशी आला. "तुम्हाला कधी कळलं?"

"दवाखान्यातसून घरी इलंय, त्याच दिवशी. दारातसूनच हार दिसलो."

रश्मीच्या हातातले ओटीचे तांदूळ जमिनीवर सांडले. ते डावीकडे, फोटोखाली का पडले होते, ते तिला आत्ता कळलं. वळू शकणारी मान या माणसाने महिनोन्‌महिने वळू दिली नव्हती.

"मग का असं केलंत?" ती रडत ओरडली. "एव्हाना चालायला लागला असतात ना बाबा!"

भाऊरावांनी फोटोवरची नजर काढली नाही.

"तू रोज तिच्या गजाली सांगायचंस," ते म्हणाले. "मान वळली असती, तर तिचो फोन येवचो बंद झालो असतो गो."