हावरट

बौद्ध मठ बघायला निघालेल्या सहलीत ती शिरली ती भांडायलाच. थोरला भाऊ इथं भिक्खू होऊन बसला आणि तिकडे आई त्याच्या वाटेकडे डोळे लावून मेली. म्हणे शांती! अंगणात तो मान खाली घालून पाहुण्यांना गरम दूध वाटत होता. “दादा, बहीण ओळखतोस की तीही सोडलीस?” त्यानं पळी दुधात बुडवली. तिनं दातओठ खात पेला पुढे केला. पेल्यात दुधाबरोबर साय पडली. लहानपणी साय दिसली की ती घर डोक्यावर घ्यायची. मग दादा बोटानं उचलून गट्टम करायचा आणि पांढऱ्या मिशीनं शाळेत जायचा. भिक्खूनं सगळ्यांदेखत तिच्या पेल्यात बोट बुडवलं, साय उचलली आणि तोंडात टाकली. “हावरट!” ती बोलून गेली. मागच्या बाईंनीही पेला सरकवला, “माझीपण काढा.” “नाही हो,” दादा हसला, “फक्त हिचीच.”