दोराचं टोक

"जवळ आली," इलियाज म्हणाला. "मागे बघू नका. बघितलं की पाय जड होतात."

पडद्यावर बर्फ पडत होता. तीन माणसं एकाच दोराला बांधलेली, कड्याच्या अंगाने चालली होती आणि मागून अल्बार्स्ती येत होती. मोकळ्या केसांची, पिवळ्या तोंडाची म्हातारी हडळ. ती पळत नाही, थांबत नाही आणि मरत तर नाहीच. तिघांनी खिंडीपलीकडे पोचायचं, एवढाच खेळ. कोणी घसरला तर वरच्याने त्याला ओढून घ्यायचं, तेवढ्यात ती आणखी जवळ येते. ओढायचं नसेल तर एक कळ आहे. ती दाबली की सुरी निघते, दोर कापला जातो आणि वरचा वाचतो.

त्या कळीसाठीच बेर्मेत नारीन शहरातल्या या कॉम्प्युटर क्लबात आली होती.

तिचा भाऊ कुबात दोन वर्षांपूर्वी चुकलेल्या घोड्यांमागे डोंगरात गेला तो गेलाच. बरोबर इलियाज होता. "फाट्यावरून मी घोडे घेऊन फिरलो, तो राहिलेल्या शिंगरासाठी पुढे गेला," असं तो सांगत राहिला. पण दरीत कुबात सापडला तेव्हा त्याच्या कमरेला दोर होता. दोराचं टोक तुटलेलं नव्हतं, कापलेलं होतं. म्हणजे वर कोणीतरी होतं. साक्षीदार नाही म्हणून पोलिसांनी हात झटकले. गावाने इलियाजचा सलाम घेणं बंद केलं, तेव्हा तो शहरात येऊन हा क्लब चालवू लागला. लोक म्हणाले, चोराच्या मनात चांदणं.

बेर्मेतच्या मनातली आग मात्र विझली नाही. तिला इलियाजचं हाड न् हाड मोडलेलं बघायचं होतं.

गावातलाच बेक्तुर होता म्हणून ती तगली. कुबात हरवला त्या दिवशी तो तालुक्याला दाढ काढायला गेला होता. परतला तो थेट शोधायला निघाला आणि तसल्या धुक्यात सगळ्यांच्या आधी त्यानेच ती दरी गाठली. कुबातला वर ओढताना त्याचे तळहात सोलून निघाले, वण अजून होते. सख्खा भाऊ करणार नाही इतकं त्याने केलं. आता सफरचंदं उतरली की दोघांचं लग्न होतं, पण बेर्मेतने बजावलं होतं, आधी इलियाज, मग लग्न.

खेळाची युक्ती तिचीच.

"त्याला धरू आणि बडवू," बेक्तुर म्हणाला होता. "खेळबिळ कशाला? खेळात कोण खरं वागतं?"

"भ्यालेला माणूस खरंच वागतो."

तिचे दोन चुलतभाऊ क्लबाच्या दाराशी सूर्यफुलाच्या बिया सोलत उभे होते. दोर कापला गेला की आत यायचं, असं ठरलं होतं. "पोरं हाताबाहेर गेली तर मध्ये तुझा रुमाल टाक," बेक्तुरने बजावलं होतं. "खुनाच्या भानगडीत नको पडायला." बाईने डोक्यावरचा रुमाल भांडणाऱ्यांमध्ये टाकला की उगारलेला हात खाली येतो. ही चाल त्यांच्यात अजून कोणी मोडलेली नाही.

पहिल्या डावात बेक्तुर पुढे, इलियाज मधे आणि बेर्मेत शेवटी होती; ती मुद्दाम घसरली. दोर इलियाजच्या हातात होता. तो ओढत राहिला, ओढत राहिला आणि शेवटी अल्बार्स्तीने तिघांनाही गाठलं.

"कापायचा होतास की," बेर्मेत म्हणाली. "तुला तर सवय आहे."

इलियाजने तिच्याकडे बघितलं नाही. "गाव काय म्हणतं ते मला ठाऊक आहे, बेर्मेत. बोलून बोलून माझी जीभ झिजली." त्याने डाव पुन्हा मांडला. "या वेळी तू पुढे. मी शेवटी. मधे बेक्तुर."

"माझं डोकं धरलंय," बेक्तुर उठत म्हणाला.

"भाड्याचे पैसे मागत नाहीये. बस. का म्हातारीला भितोस?"

शेजारच्या टेबलावरची पोरं फिदीफिदी हसली. बेक्तुर बसला.

लबाड, बेर्मेतने मनात म्हटलं. शेवटी राहिला की ती कळ दाबायची वेळच येणार नाही. बरी पळवाट काढली. पण पुढच्या डावात जाईल कुठे? ती पुढे चालू लागली.

कड्याच्या वळणावर इलियाज घसरला. दोर ताणला गेला. बेक्तुरचा माणूस गुडघ्यांवर आला.

"ओढ," इलियाज म्हणाला.

मागे केस दिसू लागले. बेक्तुरच्या कपाळावर घाम फुटला होता.

"ओढ की रे. अजून वेळ आहे."

केस दोन हातांवर आले. बेक्तुरचा श्वास साऱ्या खोलीला ऐकू येत होता. बेर्मेतने त्याच्या दंडावर हात ठेवला, त्याने तो झटकून टाकला.

"सोड," तो म्हणाला. कानांवर हेडफोन होते, आपण किती मोठ्याने बोलतोय याचं त्याला भान नव्हतं. "सोड दोर. मलाही घेऊन जाशील. सोड म्हणतो ना, कुबात!"

आणि त्याने कळ दाबली.

शेजारची पोरं हसायची थांबली. चुलतभाऊ आत आले. थोरला इलियाजच्या खुर्चीवरून पुढे गेला आणि बेक्तुरच्या मागे येऊन उभा राहिला. बेक्तुरने हेडफोन काढले, त्याच्याकडे बघितलं, मग बेर्मेतच्या डोक्यावरच्या रुमालाकडे. बेर्मेतने दोन्ही हात वर नेले आणि रुमालाची गाठ घट्ट आवळली.