वाढत्या मापाची सावली

सकाळी साडेदहाला घरामागच्या अंगणात मोजणी सुरू झाली. पालिकेच्या बांधकाम खात्यातून एक तरुण बाई आली होती. तिने अंगणावरच्या पत्र्याच्या छपराच्या कडेवरून ओळंबा खाली सोडला आणि तो जिथे टेकला तिथे खडूने खूण केली. घर एका म्हाताऱ्या शिंप्याचं होतं. तो हात मागे बांधून तिच्या मागोमाग फिरत होता.

नियम साधा होता. प्लॉटची निम्मी जमीन मोकळी हवी. वर पत्रा आला की खाली भिंत असो वा नसो, ती जमीन झाकलेली धरायची. गल्लीत हा नियम कुणीच मनावर घेतला नव्हता, आणि आता पाण्याला मुरायला जागा उरली नव्हती. शिंप्याच्या पत्र्यावरचं पाणी शेजारच्या मास्तरांच्या पायरीशी तुंबायचं. तक्रार त्यांचीच होती. शिंप्याला ती मान्य होती. पाणी जातं, मास्तरांना त्रास होतो, सगळं खरं. फक्त छप्पर काढायचं नाही, एवढाच त्याचा हेका होता.

बाईने मान वर करून पाहिलं. छप्पर एकसंध नव्हतं. घराला लागून असलेला पत्रा पार गंजला होता, त्याच्या पुढचा थोडा कमी, आणि कुंपणाजवळचा अजून धड होता. असं तुकड्यातुकड्यांनी का वाढवलं, तिने विचारलं.

“पोरगी वाढत होती,” शिंपी म्हणाला.

मग त्याने सांगितलं. लेकीला जन्मापासून ऊन सोसत नसे. घटकाभर उन्हात गेली तरी अंगावर फोड यायचे. डॉक्टर म्हणाले, घरात ठेवा. ती खिडकीच्या गजांना तोंड लावून बसायची, ते त्याला बघवेना. ती रांगायला लागली तेव्हा त्याने पहिला पत्रा घातला. पळायला लागली तेव्हा पुढचा. दोरीवरच्या उड्या आल्या, छप्पर कुंपणाशी गेलं. फ्रॉक उसवून घेर वाढवावा, तसं त्याने ते वाढवत नेलं. सवयीने दर वेळी कडेला वीतभर जास्तच ठेवलं. आता आभाळ दिसायचं ते कुंपणालगतच्या चिंचोळ्या पट्टीत.

“आम्हीही मापं घेतो, बाई. पण शिवणीच्या आत दोन बोटं जादा माया ठेवतो. तुमच्यात ठेवत नाहीत का?”

“आमच्यात उसवायला लावतात, काका.”

तो हसला. कुंपणापलीकडून मास्तरही हसले, आणि त्याच भरात म्हणाले की लेक सासरी जाऊन वर्षं झाली, आता हे छप्पर काय शिलाई मशीनला ऊन लागू नये म्हणून ठेवलंय का? शिंप्याने दारात बसलेल्या बायकोकडे पाहिलं. ती उठली, मशीनवरचं पांढरं, पूर्ण बाह्यांचं अर्धवट शिवण उचलून आत ठेवून आली.

बाईने फीत गुंडाळली. छप्पर नियमात बसत नव्हतं. थोडंथोडकं नाही, बरंच बाहेर जात होतं. तिने तसं स्पष्ट सांगितलं. शिंपी ओट्यावर बसला. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा कोट बिघडला तेव्हाही तो असाच बसला होता.

बाई जायला निघाली आणि दाराशी थांबली.

“मी पत्रा मोजते, काका. पान मोजत नाही. सांगाडा राहू द्या. वर वेल चढवा, नाहीतर कापड बांधा. कापड गुंडाळता आलं पाहिजे, म्हणजे पाऊस खाली उतरेल. मग आमचं काही म्हणणं नाही.”

वेल सावली धरायला किती दिवस घेते, शिंप्याने विचारलं. ते नियमात नाही, ती म्हणाली.

“वेल घेईल तिचा वेळ,” बायको म्हणाली. “अहो, जन्मभर लोकांची अंगं झाकलीत. आता अंगणाचं माप घ्या.”

पत्रे उतरवले त्या दिवशी शिडी मास्तरांनीच धरली. जाताना आपल्या कुंपणावरच्या वेलीचं एक रोपही दिलं. याचं पाणी तरी तुमच्याकडेच मुरू द्या, म्हणाले.

बाई पुन्हा आली ती भर दुपारी. सांगाड्यावर जाड कापडाच्या पट्ट्या तारेवरच्या कड्यांत ओवल्या होत्या. शिंप्याने दोरी ओढून त्या गोळा करून दाखवल्या, पुन्हा पसरल्या. खाली माती उघडी होती, सकाळच्या सरीने ओली. वेल खांबाला गुडघाभर चढली होती. मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तरी तिचं लक्ष कापडाच्या कडेकडे गेलं. हातभर रुंद दुमड आत घेऊन, सहज उसवेल अशा लांब टाक्यांनी शिवली होती.

“एवढी दुमड कशाला, काका? लेक तर केव्हाच वाढायची थांबली.”

“वाढत्या मापाचं ठेवलंय,” तो म्हणाला आणि दाराकडे पाहिलं.

दारात, उन्हाच्या रेघेच्या अलीकडे सावलीत, त्याची लेक उभी होती. तिच्या खांद्यावर पांढऱ्या, पूर्ण बाह्यांच्या झबल्यात तिची तान्ही मुलगी झोपली होती. डॉक्टरांनी बाळाचं रक्त तपासायला घेतलं आहे. तिला ऊन सोसतं की नाही, ते अजून कळलेलं नाही.